आफ्रिकेची मंडई

आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी सरली की गावोगावी मंडई भरते. दिवसा फुगे, जिलेबी आणि दंडारीचा नाच, रात्री नाटक. त्यामुळे एका दिवाळीच्या सुट्टीत भंडाऱ्याच्या एका शाळेत परदेशी नोकऱ्यांसाठी शिक्षकभरतीचा मेळावा आहे, अशी जाहिरात पेपरात आली तेव्हा आमच्या मास्तर मंडळींनी तिचं बारसं तिथल्या तिथे उरकलं. आफ्रिकेची मंडई! साल ऐंशीच्या आगेमागे. आफ्रिकेतल्या एका देशाला गणित, विज्ञान आणि इंग्रजी शिकवणारी माणसं हवी होती आणि ती न्यायला तिकडचे साहेबलोक स्वतः येणार होते. देशाचं नाव मी सांगणार नाही. कुणाचंच सांगणार नाही. या गोष्टीत नाव घेणं बरं नाही, एवढं तूर्त ऐकून ठेवा.

मी तेव्हा सानगडीच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. म्हणजे पगार त्याचा घेत होतो. खरा जीव नाटकात. पण देवाने मला तोंड असं दिलं की रंगमंचावर आलो की गंभीर प्रसंगातही पब्लिक हसायचं. म्हणून मंडळाने मला कायमचं पडद्यामागे टाकलं. मेलेल्या बापाचा आत्मा, देवळातून आलेला हुकूम, जंगलातला वाघ, सगळं मी. एखाद्या माणसाचं बोलणं घटकाभर ऐकलं की त्याचा गळा माझ्या गळ्यात उतरायचा. आमच्या हेडमास्तरांच्या आवाजात मी भिंतीमागून एकदा अख्ख्या शाळेला सुट्टी दिली होती. पोरं तर गेलीच, दोन मास्तरही घरी गेले.

पण मंडईला जायचं होतं ते खरं म्हणजे बाईला. थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. ती गणित शिकवायची, माझ्यापेक्षा शतपट चांगलं. लग्न होऊन काही वर्षं झाली, मूलबाळ झालं नाही, आणि भाऊजींनी दुसरी बायको आणली. बाई एक ट्रंक घेऊन माहेरी आली आणि सानगडीतच तात्पुरत्या जागेवर लागली. आमचे वडील नव्हते. घरात शब्द चालायचा तो मोठेबाबांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा. त्यांनी त्या दिवाळीत निकाल देऊन टाकला होता.

"धान घरी आलं का मी सोता नेऊन देतो तिले. दोन बायका कोनाच्या घरी नसतेत? राहीन एका कोपऱ्यात."

धान तर कापणीला आलेलं. बाईने काही वाद घातला नाही. भंडाऱ्याला जाऊन फॉर्म आणला, भरला, आणि सोबत म्हणून मलाही एक भरायला लावला. आफ्रिका नाही जमली तर कोपरा. इतकं सरळ होतं ते.

आता आमच्या घरातला एक नियम सांगतो, त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. माणूस दिसत नाही आणि नुसती हाक येते, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्याही नाही. तिसरी येऊ द्यायची, मग बोलायचं. माणूस असेल तर तीनदा बोलावेल. त्याला तुमच्याशी काम असतं. दुसरं जे असतं ते एकदा बोलावतं, फार तर दोनदा. त्याला तीन म्हणता येत नाही. हा नियम रात्रीचा आहे असं बाहेरच्यांना वाटतं. भर दुपारी बाराला तर तो जास्तच पाळायचा. आमची एक मावशी लग्नाआधी तलावावर धुणं धूत होती. ऊन अगदी डोक्यावर. पाळीमागून, म्हणजे तलावाच्या बांधामागून, कुणी तरी तिचं नाव घेतलं, माय सांगायची, अगदी आमच्या आजीच्या आवाजात. मावशी "ओ, आली" म्हणाली आणि उठली. धुणं दगडावर तसंच सापडलं, अर्धं पिळलेलं. मावशी दुसऱ्या दिवशी कमळाच्या देठांत. आजी त्या दुपारी घरी धान निवडत बसली होती.

मी विज्ञानाचा मास्तर. या गोष्टीला मी खदाखदा हसायचो. ओ मात्र तिसऱ्या हाकेलाच द्यायचो.

तर आम्ही पहिल्या एसटीने निघालो. शाळा जुनी, दगडी, उंच छपराची. सुट्टीतली शाळा पाहिली आहे कधी? पोरं नसली की इमारत तुमच्याकडे बघायला लागते. फळ्यांवर सुट्टीच्या आदल्या दिवसाची तारीख तशीच. कुठे अर्धंच सोडवलेलं गणित. कबुतरं घुमत होती आणि त्यांचा आवाज प्रत्येक वर्गातून वेगळा येत होता. आम्हाला एका लांबोड्या हॉलमध्ये बाकांवर बसवलं. समोर प्रयोगशाळेचं दार, बंद. मुलाखती त्या दारामागे. दाराच्या वर एक झडप होती, ती उघडी. त्या झडपेतून नावं यायची.

आणि तो आवाज! अहो, मी आवाजांतला दर्दी माणूस, पण तसला आवाज मी ऐकला नव्हता. सपाट. सर्दी झाल्यासारखा नाकात अडकलेला, चढ नाही, उतार नाही. नाव घ्यायचा, एकदाच, आणि गप्प. कोण बोलतंय ते दिसायचं नाही. नाव घेतलेला उमेदवार उठायचा, दार लोटायचा, आत जायचा. दार मागे आपोआप लागायचं.

आणि बाहेर यायचा नाही.

हे आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते दाखवलं शेजारी बसलेल्या आंबागडच्या मास्तरांनी. चांगले पन्नाशीला आलेले, टोपीवाले, जंगलखात्याच्या सागासारखे उभट.

"मास्तर, एक पाहून राहिले का?" ते माझ्या कानाला लागून म्हणाले. "आतमंधी गेला तो एकबी बाहेर येऊन नाही राहिला."

"दुसरं दार असंन गा मागून."

"असंन. पन चपला पाहा."

मी पाहिलं. जवाहरनगरच्या कारखाना-वसाहतीतले मास्तर लोक कारखान्याच्या बसने आले होते. बूट, टाय, खिशाला दोन पेनं. ते बुटासकट आत जायचे. आम्ही खेड्यातले मात्र दारात वहाणा काढल्याशिवाय कुठे जात नाही, मग ते देऊळ असो, की मुलाखत. त्यामुळे प्रयोगशाळेच्या दाराशी चपलांचा ढीग वाढत चालला होता. तोंडं दाराकडे, सगळ्यांची. न्यायला कुणी येत नव्हतं. मागे दुसरं दार होतं आणि तिथून सगळ्यांना पलीकडच्या इमारतीत कागद तपासायला नेत होते, हे मला संध्याकाळी कळलं. त्या वेळी मात्र मी चपला पाहिल्या आणि माझ्या पायातल्या वहाणा बाकाखाली ओढून घेतल्या.

"थेट जहाजातच बसवून राहिले का गा?" मी उगाच विनोद केला.

मास्तर हसले नाहीत. "माहं बी नाव घेतलं होतं मघाशी."

"मग गेले काहून नाही?"

"एकदाच घेतलं."

बस, एवढंच म्हणाले. मला अर्थ सांगायची गरज नव्हती. मी हॉलभर नजर फिरवली. मघापासून कितीतरी नावांना कुणी उठलंच नव्हतं, आणि मला वाटत होतं ती माणसं आलीच नसतील. आली होती. सगळी इथंच बसली होती, धोतरं सावरत, पदर घट्ट करत, खाली मान घालून. पुन्हा कधी बोलावतो याची वाट पाहत. आणि तो आवाज पुन्हा बोलावतच नव्हता. पुढचं नाव घ्यायचा. जवाहरनगरचे खटाखट उठून जात होते आणि आमच्या झाडीपट्टीचे मास्तर घरबसल्या, म्हणजे बाकबसल्या, गैरहजर होत होते.

"मास्तर, जाऊन सांगा ना आतमंधी," मी म्हणालो.

"मले नाही जाचं आता," ते शांतपणे म्हणाले. "ज्यानं एकदाच बलावलं त्याच्याकडं आपन होऊन जाऊ?"

मी बाईकडे वळलो. ती पाठ ताठ करून बसली होती, मांडीवर प्रमाणपत्रांची पिशवी.

"बाई, ऐक. नाव घेतलं का लगेच उठ. येथं तीनदा कोनी बलावत नाही."

"हो."

"पहिल्या हाकेले."

"हो म्हटलं ना. मी काय लहान हाव?"

बाहेर ऊन तापलेलं. बारा वाजून गेले असतील. कबुतरं अचानक गप्प झाली, आणि झडपेतून बाईचं नाव आलं.

सासरच्या आडनावासकट, पूर्ण. सपाट.

बाई उठली नाही. मी तिच्याकडे पाहिलं तर तिच्या हातावर काटा उभा. मी कोपराने ढोसलं. "उठ ना, बाई!" ती जागची हलेना. तिच्या डोळ्यांत मला सरळ तो तलाव दिसला. आता पुढचं नाव येणार आणि धान घरी येणार आणि मोठेबाबा बंडीला बैल जुंपणार.

आणि अशा वेळी, मंडळी, माझ्यातला नट जागा झाला. बाईला तिसरी हाकच हवी ना? मग तिसरी हाक मिळेल! तो सपाट आवाज सकाळपासून माझ्या गळ्यात बसलेलाच होता. मी उठलो आणि हॉलच्या बाजूच्या दाराने सटकलो. हॉल आणि प्रयोगशाळा या दोन्हींना लागून एक खोली होती, खेळाच्या सामानाची. तिच्या भिंतीला वरच्या अंगाला जाळी होती. तिथून मारलेली हाक हॉलमध्ये कुठून आली ते कुणाला कळलं नसतं. मी व्हरांड्यात असतानाच बाईचं नाव पुन्हा ऐकू आलं. दुसऱ्यांदा! मला तर नाचावंसं वाटलं. म्हणजे आता माझी एकच पुरे.

खोलीत अंधार. बाहेरच्या उन्हातून आलो म्हणून जास्तच. चुन्याचा आणि जुन्या गाद्यांचा वास. डोळे सरावले तेव्हा दिसलं की कोपऱ्यात स्नेहसंमेलनातली कागदाच्या लगद्याची राक्षसांची डोकी रचून ठेवली आहेत, आणि सगळी माझ्याकडे तोंड करून आहेत. असू देत. नटाला प्रेक्षक चालतात. मी गादीवर चढलो, जाळीजवळ तोंड नेलं, नाक चिमटीत धरलं, आणि बाईचं नाव घेतलं.

काय उतरलं होतं म्हणून सांगू! आयुष्यात माझी तेवढी चांगली नक्कल पुन्हा कधी झाली नाही. माझं मलाच शहारून आलं. भिंतीपलीकडे एकदम सामसूम झाली. मी खूष होऊन गादीवरून उतरायला पाय खाली टाकला.

आणि माझ्या मागे कुणीतरी माझं नाव घेतलं.

त्याच आवाजात. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. एकदाच.

झडपेतून नाही, जाळीतून नाही. खोलीतूनच, त्या डोक्यांच्या बाजूने. मी वळून पाहिलं नाही. तोंडातून ओ फुटणारच होती. मास्तराच्या जातीला हजेरीची सवय, नाव ऐकलं की "हजर" जिभेवर येतंच. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. एक पाय गादीवर, एक पाय खाली, असा किती वेळ उभा होतो कोण जाणे. दुसरी हाक आली नाही. मग मी व्हरांड्यात कसा आलो ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की उन्हात उभा राहून मी कुडकुडत होतो.

हॉलमध्ये परतलो तर बाईची जागा रिकामी. तिच्या चपला ढिगावर, सगळ्यांत वर. मी धपकन बसलो.

"गेली?" मी आंबागडच्या मास्तरांना विचारलं.

"गेली."

"माहं नाव घेतलं का कोनी?"

"नाही बा." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "काहून? तुमचा चेहरा पांढरा काहून झाला?"

थोड्या वेळाने नावं पुन्हा सुरू झाली, पण आवाज बदललेला, चांगला मोकळा, माणसाचा, कुण्या साहेबाचा. त्याने माझं नाव घेतलंच नाही. हॉल रिकामा होत गेला. शेवटी मी, मास्तर, आणि आमच्यासारखे मान खाली घातलेले काही. मग एक शिपाई येऊन म्हणाला, "झालं, चला," आणि चपलांचा ढीग टोपलीत भरून मागच्या बाजूला घेऊन गेला.

बाई मला मागच्या अंगणात सापडली, कडुनिंबाखाली. अनवाणी. शिपायाच्या टोपलीतून स्वतःच्या चपला शोधत होती आणि हसत होती. बाईला हसताना पाहून मला किती दिवस झाले होते!

"घेतलं मले," ती म्हणाली. "पत्र घरी येईन म्हनतेत, पन घेतलं."

मी तिथल्या तिथे दंडारीतली एक गिरकी मारली. मग माझं श्रेय वसूल करायला छाती पुढे काढली. "मग? तिसरी हाक कोनं मारली, सांग!"

तिचं हसू थांबलं. "तू होता तो?"

"मग कोन! तू उठत नव्हती ना."

"मी दुसरीलेच उठली, बाबू. तू गेला आन् मी उठली. आतमंधी एक बाई होती तिकडची, तिनं त्याले म्हटलं का, बायका कमी हायेत, आनखी एकदा बलाव. म्हनून दुसऱ्यांदा बलावलं. आन् मी म्हटलं, कोनी का बलावंना, जातो. तलावात नेन का आफ्रिकेत नेन. कोपऱ्यात त नाही ना नेनार."

हे ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली की माझी पुढे काढलेली छाती आपसूक आत गेली. मग तिने आतली हकिगत सांगितली. ती खुर्चीवर बसली होती. समोर तिकडचे दोन साहेब, ती तिकडची बाई, आणि आपला एक अधिकारी. हाका मारणारा कारकून तिच्या शेजारीच स्टुलावर होता, गळ्याला मफलर गुंडाळलेला एक फाटका माणूस, पाणी पीत होता. आणि अचानक त्याच्याच आवाजात बाहेरून बाईचं नाव आलं. कारकुनाच्या तोंडात पाणी. तोंड बंद. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या हातातला पेला सुटला.

"मी ओ नाही दिली," बाई म्हणाली. "तशीच बसून राहिली. तो मोठा साहेब मले पाहून राहिला होता. इंग्रजीत म्हने, तुमचं नाव घेतलं ना कोनी? मी म्हटलं, हो सर, पन जो दिसत नाही त्याले आमच्याकडं ओ देत नाहीत. वाटलं, आता हासतीन. त तो साहेब हासलाच नाही. म्हने, माही आजी बी हेच सांगे. आमच्या गावात बी ओ देत नाहीत. मंग त्यानं मले गनिताचं एक बी नाही विचारलं. म्हने, तुमाले तिकडं परकं नाही वाटनार."

मी मोठमोठ्याने हसलो. माझी नक्कल वाया गेली नव्हती तर! "आन् तो कारकून?"

"तो उठला आन् म्हने मी आता कोनाचंच नाव नाही घेत. तुहं नाव माह्या खालीच होतं. ते घ्याच्या आधीच त्यानं कागद ठेवून देल्ला. अधिकाऱ्याले वाटलं तुहं घेऊन झालं. त्यानं त्याच्या खालून सुरू केलं. तुहं राहूनच गेलं, बाबू."

"म्हंजे माहं नाव कोनीच नाही घेतलं?"

"कोनीच नाही. मी आतच होती ना."

कडुनिंबाखाली सावली होती, तरी मी पुढे सरकून उन्हात उभा राहिलो. मग मी तिला सांगितलं, खेळाच्या खोलीत काय झालं ते. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. टोपली घेतलेला शिपाई तिने आधी लांब जाऊ दिला.

"ओ देल्ली का तू?" तिने विचारलं.

"नाही."

"बरं केलं," ती म्हणाली आणि चपला घातल्या. त्या विषयावर आम्ही दोघं पुन्हा कधीच बोललो नाही. मी पुढे कितीतरी नाटकांत पडद्यामागून आवाज काढले, पण त्या कारकुनाचा नाही. मित्रांनी आग्रह केला, पैजा लावल्या. नाही. एखाद्याचा आवाज घेतला की तो परत कुठे ठेवायचा, हे मला कळेनासं झालं होतं.

बाईचं पत्र आलं ते धान चुरून, म्हणजे मळून, झाल्यावर. मोठेबाबांना ते कुणी वाचून दाखवलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. ठरल्या दिवशी पहाट सरता सरता ते बंडी जुंपून दारात आले. तलावावर धुकं इतकं दाट की बैलांची शिंगं तेवढी दिसत होती. बाईची ट्रंक भरलेली होती. ती पाहून त्यांना बरं वाटलं असावं.

"चाल पोरी," ते म्हणाले. "ऊन चढाच्या आधी पोचू."

माय दारातच उभी राहिली. बाईने तिला नमस्कार केला, बंडीत बसली, मी मागे बसलो. बंडी पाळीवरून निघाली. पाळ संपते तिथे वाट फुटते. डावीकडे भाऊजींचं गाव, उजवीकडे सानगडीचा एसटी थांबा. बैलांना डावी वाट माहीत होती. इतकी वर्षं धान, सणवार, भांडणं, सगळं त्यांनीच त्या वाटेने ओढलं होतं. ते आपसूक डावीकडे वळले.

"मोठेबाबा," बाई म्हणाली, "मी तिकडं नाही येत. मले आफ्रिकेची नोकरी लागली. आज मुंबईले निघतो."

मोठेबाबांनी मागे वळून पाहिलं नाही. बंडी थोडी पुढे गेली. धुक्यात मला त्यांची फक्त पाठ दिसत होती, घोंगडीची. मग त्यांनी कासरा ओढला. बैल अडले, माना झाडू लागले. त्यांना ते पटलं नव्हतं. मोठेबाबा खाली उतरले, जोखडाला हात घातला आणि दोन्ही बैलांना स्वतः रेटत रेटत उजवीकडे वळवलं. त्यांना धाप लागली. वर चढून बसताना एवढंच म्हणाले,

"गाडी कितीची आहे तुही?"